रेघेची जाडी

मुलीकडे चिवडा न्यायचा म्हणून बायकोने फडताळातून नेमका तोच डबा काढला आणि आमची सकाळी सकाळी जुंपली. स्टीलचा कडीचा डबा, दोन किलो डाळ सहज मावेल एवढा. झाकणावर माझ्या वहिनीचं नाव कोरलेलं. भांड्यावर नाव घालायची आमच्याकडे रीतच आहे, त्यामुळे भांडं कुठंही जाऊन पडलं तरी ते कोणत्या घरचं हे सांगावं लागत नाही. मी म्हणालो, हा डबा विमानात चढणार नाही. बायको म्हणाली, मग ज्याचा त्याला परत तरी द्या, आठ वर्षं फडताळात बसून तो काही पिल्लं घालायचा नाही. मी पेपर तोंडासमोर धरला. तिने चिवडा प्लास्टिकच्या पिशवीत भरला आणि डबा पुन्हा जागेवर ठेवला, जरा आवाज करूनच.

ह्या डब्याची गोष्ट सांगायची तर आधी माझ्या धंद्याची सांगावी लागेल. मी भूकरमापक होतो, म्हणजे सरकारी मोजणीदार. चौतीस वर्षं नगर जिल्ह्यातली रानं मोजली. श्रीगोंद्याकडचे उसाचे फड, खर्ड्याकडची खडकाळ माळरानं आणि कुठं कुठं तर गुरं बांधायलाही पुरणार नाहीत असे तुकडे. आधी साखळीने, मग मशीनने. दोन भाऊ दोन बाजूंना तोंडं फिरवून उभे असायचे आणि मी मध्ये दगड रोवायचो. मोजणीच्या दिवशी मी कुठल्याच बाजूचा चहा घेत नसे, पाणीसुद्धा नाही. घरची बाटली न्यायचो. एकाचं पाणी प्यालं की दुसऱ्याला रेघ वाकडी दिसायला लागते, हे मी पहिल्या दोन वर्षांतच शिकलो होतो. माझ्या सरळपणाचा मला गर्व होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

आमची स्वतःची जमीन तिसगावजवळ. थोरला भाऊ, मी त्याला दादा म्हणतो, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडिलांनी तोंडी वाटणी करून दिली होती आणि दोघांच्या रानांमधल्या बांधावर चिंचेचं झाड होतं. बहात्तरच्या दुष्काळात ते हातभर रोप होतं. दादा दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायचा आणि संध्याकाळी वहिनीच्या डोक्यावर एक घागर, आपल्या खांद्यावर एक, असं पाणी आणून त्यातलं तांब्याभर त्या रोपाला घालायचा. माणसाला पाणी मिळत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. मी शिकायला बोर्डिंगात होतो, सुट्टीला आलो की बघायचो आणि दादाला येडा म्हणायचो. पुढे झाड मोठं झालं. दर फाल्गुनात दादा काठीने चिंचा झोडपायचा, वहिनी त्या फोडून, मीठ लावून त्यांचे गोळे करायची आणि एक डबा आमच्याकडे वानोळा म्हणून यायचा. नव्या पिकाचा, नव्या फळाचा पहिला वाटा आपल्या माणसाकडे पाठवायचा, तो वानोळा. आणि ज्या भांड्यातून तो आला ते भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हेही ठरलेलं.

निवृत्त झालो आणि मला रानाला तारेचं कुंपण घालायची हौस आली. दादा म्हणाला, बांध आहे तिथं घाल. मी म्हणालो, बांध आहे तिथं नाही, नकाशा म्हणेल तिथं. जन्मभर लोकांना जे सांगितलं ते स्वतःच्या घरात नको का पाळायला? रीतसर अर्ज केला. मी स्वतः मशीनला हात लावला नाही. माझ्याच हाताखाली शिकलेला मोजणीदार आला आणि त्याने खुणा दाखवल्या. बांध माझ्या रानात दोन हात आत सरकलेला निघाला. खरी हद्द दादाकडच्या बाजूला दोन हात पलीकडून जात होती, त्यामुळे चिंच सबंध माझ्याकडे आली. दादा उकिडवा बसून दगड रोवताना बघत होता. पंचनाम्यावर सही केली आणि गेला.

पुढच्या फाल्गुनात वहिनी नेहमीसारखी डबा घेऊन आली. मी नगरहून येऊन रानातल्या माझ्या वस्तीवर होतो, कुंपणाचे खांब उतरवून घेत होतो. चार माणसं होती. मी तिला त्यांच्यासमोर म्हणालो, "माझ्याच झाडाची चिंच मलाच वानोळा म्हनून देता व्हय, वहिनी?"

तिने डबा पायरीवर ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आल्या पावली परत गेली. त्यानंतर दोन घरांचं बोलणं बंद झालं. लग्नकार्यात आम्ही दोघे भाऊ दोन वेगळ्या पंगतींना बसायचो. चिंच मात्र आम्ही खाल्ली. वर्षभर आमटीत पडत राहिली, मीही भुरके मारले. डबा रिकामा झाला, घासला गेला आणि फडताळात गेला. रिकामा परत करता येत नव्हता, आणि भरून नेला असता तर मी चुकलो असं झालं असतं. मी तर चुकलो नव्हतो. मोजणी बरोबर होती. हे वाक्य मी आठ वर्षं इतक्या वेळा म्हणालो की बायको ते ओठ हलवून माझ्याबरोबर म्हणायची.

यंदा उन्हाळ्यात नगरच्या बाजारात भेटलेल्या तिसगावच्या एका बाईकडून बायकोला कळलं की दादाच्या डोळ्यांना काचबिंदू झालाय. एक डोळा गेलेला, दुसऱ्याने धुरकट दिसतं आणि तोही राहायचा नाही म्हणतात. घरी येऊन तिने भाजीची पिशवी खाली ठेवायच्या आधी मला सांगितलं, त्यांना दिसतंय तोवर जाऊन या, डबा घेऊन. मी म्हणालो, मुलीकडून आलो की बघू. भित्र्या माणसाला परदेशवारी फार सोयीची असते.

तर असा मी सायप्रसला गेलो. मुलगी तिथे निकोसियात एका जहाज कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करते. भूमध्य समुद्रातलं बेट, त्यामुळे मी हिरवंगार काहीतरी डोळ्यांसमोर आणलं होतं. विमानतळाबाहेर पडलो तर दोन्ही बाजूंना तपकिरी माळ, फड्या निवडुंग आणि दुपारचं पांढरं ऊन. बायको म्हणाली, एवढे पैसे खर्चून आपण पाथर्डीलाच उतरलो की काय. मुलगी हसली. मला मात्र बरं वाटलं. ह्या मातीत मला काय पिकतं आणि काय नाही हे कळत होतं.

तिसऱ्या दिवशी तिने आम्हाला शहरातली फाळणी दाखवायला नेलं. बेटाचे पन्नास वर्षांपूर्वी दोन तुकडे झालेले आहेत, खाली ग्रीक बोलणारे, वर तुर्की बोलणारे, हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं. बाजारपेठेचा रस्ता, आइस्क्रीमची दुकानं, चपला बघणाऱ्या बायका, आणि तोच रस्ता पुढे चौकीपाशी थांबतो. पासपोर्ट दाखवायचा, थोडं चालायचं, पुन्हा चौकी, आणि पुढे पुन्हा चपलांची दुकानं. बाजूच्या गल्ल्यांत तर वाटच नाही. डांबराची पिंपं रचलेली, वाळूची पोती फाटलेली आणि पलीकडे ओसाड घरं, ज्यांच्या छपरांतून झाडं वर आलेली. त्या पट्ट्यात कुणीच राहत नाही.

मुलगी म्हणाली, बाबा, हिला हिरवी रेघ म्हणतात. आधीच्या एका दंगलीत एका इंग्रज अधिकाऱ्याने शहराच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली, म्हणून. तिने ते मला गंमत म्हणून सांगितलं. मला पहिली शंका धंद्याचीच आली. पेन्सिल कसली होती, बारीक टोकाची की जाड? कारण कागदावरची रेघ कितीही बारीक काढली तरी तिला जाडी असतेच आणि जमिनीवर आली की ती जाडी पसरते. नकाशावर केसाएवढी दिसणारी रेघ रानात वावभर, दोन्ही हात पसरावेत एवढी, होऊ शकते. त्या जाडीत जे सापडलं ते कुणाचं? इथे तर त्या जाडीत दुकानं सापडली, घरं सापडली, कुणाच्या न्हाण्या सापडल्या. मी पिंपांच्या फटीतून बघत उभा राहिलो. आत एका खिडकीला अजून निळा रंग होता.

आणि मग मला घाम फुटला. उन्हाचा नव्हता. आमच्या गावचा जुना नकाशाही हातानेच काढलेला. त्यावरच्या रेघेलाही जाडी आहे. त्या जाडीत दोन हात बसतात. अगदी आरामात बसतात. हे मला तिथे, निकोसियात कळलं असं नाही. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, नवशिक्या पोरांना मी स्वतः शिकवलं होतं. फक्त त्या एका दिवशी, दगड रोवताना, मी ते आठवलं नाही. आठवलं नाही हेही खरं नाही. आठवलं होतं, आणि मी गप्प बसलो होतो.

बायकोने विचारलं, काय झालं, चेहरा का उतरला. मी म्हणालो, ऊन लागलं. तिने पिशवीतून बाटली काढून दिली.

पुढचा आठवडा मुलीने आम्हाला बेट दाखवलं. समुद्रकाठच्या एका जागी दोन हजार वर्षांपूर्वीच्या श्रीमंतांच्या घरांच्या फरश्या होत्या. बारीक खड्यांची चित्रं, मोर, द्राक्षं, शिकारी. भिंती गेलेल्या, जमीन राहिलेली. दोऱ्या लावल्या होत्या आणि त्यांच्या कडेने लोक फिरत होते. ह्या घराची हद्द कुठे संपते आणि त्या घराची कुठे सुरू होते, हे तिथल्या पाटीवरही लिहिलेलं नव्हतं. एवढ्या वर्षांनी बांधाचा वाद आपोआप मिटतो, कारण वादी-प्रतिवादी दोघेही उरत नाहीत. हा विचार मला त्या दिवशी फारसा आवडला नाही.

समुद्र बायकोला आवडला. साडी गुडघ्यापर्यंत धरून ती तासभर पाण्यात उभी राहायची आणि म्हणायची, हे पाणी आपल्याकडं असतं तर. खारं आहे ते, मी म्हणायचो. असू द्या, ती म्हणायची. एका गच्चीवरून मुलीने दुर्बिणीतून पलीकडच्या बाजूचं एक रिकामं शहर दाखवलं. सोनेरी वाळू, निळं पाणी आणि काठाने उंच उंच हॉटेलं, सगळ्या खिडक्या काळ्या. लोक दोन दिवसांत परत येऊ म्हणून गेले होते. दिवाळीनंतर आमची वाडी ऊसतोडीला निघून जाते तेव्हा दारांना अशीच कुलपं असतात. पण आमची माणसं पाडव्याच्या आसपास परत येतात. मी दुर्बीण बायकोच्या हातात दिली.

मुलीच्या घराची मालकीण खालच्या मजल्यावर राहते. पंचाहत्तरीची असेल. गुडघे धरून चालते, पण गाडी अशी हाणते की शेजारी बसणाऱ्याने देवाचं नाव घ्यावं. तिकडेही पूर्वी इंग्रजांचंच राज्य होतं, त्यामुळे तिचं इंग्रजी माझ्यासारखंच कचेरीतलं, आमचं छान जमायचं. ती ग्रीक, पण मूळची पलीकडची. लढाई झाली तेव्हा कडेवर तान्हं पोर घेऊन नेसत्या कपड्यांनिशी इकडे आलेली. वीस-बावीस वर्षांपूर्वी चौक्या उघडल्यापासून वर्षातून एकदा ती आपलं जुनं घर बघायला जाते. ती म्हणाली, परवा जाणार आहे, येता का? आमच्या कागदांवर एका दिवसात जाऊन येता येतं हे मुलीने आधीच विचारून ठेवलं होतं. मी आणि बायको निघालो.

मागच्या सीटवर संत्र्याच्या मुरंब्याच्या बरण्या भरलेली एक कापडी पिशवी होती. चौकीवर खिडकीतल्या माणसाने पासपोर्ट बघितले आणि हात हलवला. डोंगर ओलांडून पलीकडे उतरलो. वाटेत तिने गाडी एका झाडाखाली थांबवली, इंजिन तापलं होतं. झाड चांगलं डेरेदार, सावली दाट, आणि फांद्यांना लोंबत होत्या काळपट तपकिरी चिंचा. मला राहवलं नाही. माणूस परमुलखात गेला की ओळखीचं झाड दिसल्यावर पाहुणा भेटल्यासारखं होतं. मी उडी मारून एक तोडली, बायकोला म्हणालो, बघ, इथंही आहे, आणि आंबटाच्या तयारीने डोळे मिटून कचकन चावा घेतला. गोड. गुळासारखी गोड आणि दाताला चामड्यासारखी. माझं तोंड बघून मालकीणबाई स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसली. चिंच नव्हतीच ती. त्या शेंगेला तिच्या भाषेत खारूपी म्हणतात. तिची काकवी करतात, गुरांना घालतात. तिच्या घराच्या अंगणात असंच एक झाड आहे, म्हणाली, सासऱ्याने लावलेलं.

घर दगडी होतं, बसकं. दार उघडलं ते तिच्याच वयाच्या एका बाईने. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. ही तुर्की बाई मूळची खालच्या, म्हणजे ग्रीक बाजूच्या गावची. त्याच वर्षी तिलाही आपलं घर सोडून इकडे यावं लागलं आणि सरकारने तिला हे घर दिलं. लहानपणी शेजारपाजारी ग्रीक असल्यामुळे तिला ती भाषा येत होती. दोघी दारातच सुरू झाल्या. मला वाटलं गळ्यात पडून रडतील. तसलं काही नाही. मालकीणबाई अंगणात शिरली, झाडाकडे बघितलं आणि तावातावाने बोलायला लागली. दुसरीही कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बायको घाबरून माझ्यामागे सरकली. दहा मिनिटांनी मालकीणबाईने मला इंग्रजीत सांगितलं, मूर्ख बाई आहे, दर वर्षी सांगते तरी झाड चुकीचं छाटते.

मग दोघी खुर्च्या टाकून बसल्या. आम्हाला काकवी घातलेलं थंड पाणी मिळालं. मी हातातला ग्लास जरा वेळ तसाच धरून ठेवला. सवय वाईट. बायकोने कोपर मारलं तेव्हा प्यालो. खाली गोणपाटं अंथरली होती आणि त्यावर काठीने झोडपून पाडलेल्या शेंगांचा ढीग होता. आमच्याकडे चिंचा पाडतात अगदी तसाच. मालकीणबाईने बरण्या काढून दिल्या आणि दुसरीने तीच पिशवी शेंगांनी भरायला घेतली. पहिल्या वर्षीपासून हे असंच चाललंय, मालकीणबाई मला म्हणाली. ती पहिल्यांदा आली तेव्हा ह्या बाईने काही न बोलता पिशवीभर शेंगा दिल्या होत्या. इतका राग आला होता की वाटेत फेकून देणार होते, म्हणाली. माझ्याच झाडाच्या मलाच देते. पण पिशवी तिची होती आणि ती परत करायला पाहिजे होती. रिकामी पिशवी कशी न्यायची?

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. तिने मुद्दाम बघितलं नाही, हे मला कळलं.

मी तरी मोजणीदारच. परत येताना गाडीत मला जो प्रश्न कुरतडत होता तो विचारलाच. मग ते घर नक्की कुणाचं?

"घर माझं," ती म्हणाली. "ते तिलाही माहीत आहे. पण पन्नास वर्षं शेंगा तिने पाडल्या. त्या तिच्या आहेत."

मी विचारलं, हे कुठल्या कागदावर आहे? ती म्हणाली, कुठल्याच नाही. मग तिने समोरच्या ट्रकला हॉर्न मारला आणि आपल्या भाषेत शिवी दिली. पिशवीतल्या निम्म्या शेंगा तिने रात्रीच्या जेवणाआधी आमच्याकडे आणून दिल्या. वानोळाच की तो, दुसरं काय.

आम्ही परत आलो तेव्हा पितृपक्ष संपत आला होता. एक दिवस मी डबा फडताळातून काढला आणि त्यात त्या शेंगा भरायला लागलो. लांब होत्या, मोडून बसवाव्या लागल्या. बायको दारात उभी होती. तिने फक्त एवढंच विचारलं, मी येऊ का? मी म्हणालो, नको, बोललो मी होतो.

नगरहून करंजीचा घाट ओलांडून तिसगावला उतरलो आणि रानातून चालत निघालो. कुंपणाच्या तारा गंजल्या होत्या. हद्दीचा दगड गवतात होता, त्याचा चुना कधीच उडालेला. चिंच उभी होती. तिचा बुंधा माझ्याकडे, पण सगळ्यात मोठी फांदी दादाच्या रानावर झुकलेली. फांदी मोजायला आमच्या खात्यात साधन नाही. तिथे थांबून मी परत फिरायचा विचार केला, हे कबूल करतो. अठ्ठावन्न पावलं होती दादाच्या वस्तीपर्यंत. मोजायची सवय.

दादा पडवीत बाजेवर बसला होता. मान जरा तिरपी धरून, उरलेल्या डोळ्याने बघायची त्याला सवय लागली असावी. कोण आहे, त्याने विचारलं. मी आहे म्हणालो. मी अंगणातच उभा राहिलो. बऱ्याच वेळाने त्याने बाजेच्या पायगतीला हात आपटला, म्हणजे बस. आतून वहिनी आली, मला बघून थबकली, परत आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तांब्या तोंडाला लावला आणि संपवूनच खाली ठेवला. मोजणी झालेल्या बांधापलीकडचं पाणी मी आयुष्यात पहिल्यांदा प्यालो.

डबा मी वहिनीपुढे ठेवला. तिने झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं, उघडला नाही. मीच उघडून मूठभर शेंगा बाजेवर ठेवल्या आणि एक दादाच्या हातात दिली. त्याने अंगठ्याने चाचपली.

"ह्या दिसांत चिच?" तो म्हणाला, आणि मी केलं होतं तसंच, आंबटाच्या तयारीने तोंड वाकडं करून चावला. मग थांबला. सावकाश चावत राहिला. "ग्वाड हाय की. कुनाच्या झाडाची?"

मी त्याला त्या दोन बायांची गोष्ट सांगितली. घर सुटलं ती, घर मिळालं ती, छाटणीवरून भांडण, पिशवी. दादाने मला हवं होतं तेच विचारलं, मग घर कुणाचं म्हणायचं? मी मालकीणबाईचं उत्तर सांगितलं. त्याने बिया एक एक करून तळहातावर थुंकल्या आणि बाजेवर ओळीने मांडल्या. मग म्हणाला, त्याच्या साध्या आवाजात, जसं पावसापाण्याचं बोलतात, की मोजणी तुझी चूकच हुती.

आठ वर्षं ह्या वाक्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. कलमांसकट होतं. मी ते दिलं नाही.

"नकाशाच्या रेघंतच दोन हात बसत्यात, दादा," मी म्हणालो. "हिकडं म्हनलं असतं तर हिकडं, तिकडं म्हनलं असतं तर तिकडं. मला म्हाईत हुतं."

"तवाच म्हाईत हुतं?"

"तवाच."

त्याने माझ्याकडे बघितलं. किती दिसलं मला माहीत नाही. मला वाटलं आता उठून आत जाईल आणि तसं केलं असतं तर ते बरोबर होतं. चार माणसांत कधी वाटली नव्हती एवढी लाज मला त्या रिकाम्या पडवीत वाटली. तो म्हणाला, झाडाला पाणी घालायचो तवा तू मला येडा म्हनायचास. मी म्हणालो, व्हय. तेवढंच. मग त्याने दुसरी शेंग मागितली.

वहिनी कधीच डबा घेऊन आत गेली होती. आतून भांडी सरकवल्याचे, पाण्याचे आवाज येत होते. ती बाहेर आली तेव्हा डबा घासून पुसून लख्ख केलेला होता. तिने तो माझ्या हातात दिला नाही. आठ वर्षांपूर्वी माझ्या पायरीवर ठेवला होता तसाच आपल्या पायरीवर ठेवला, पदर सारखा केला, पण ह्या वेळी गेली नाही. झाकण काढलं. आत चिंचेचे काळे गोळे होते, वर मिठाचे खडे.

"तुमच्याच झाडाची हाय, भावजी," ती म्हणाली. "वानोळा म्हनून चालंल का?"

मी त्या गोळ्यांकडे बघत उभा राहिलो. दादाने बाजेवरच्या बिया गोळा करत आवाजाच्या दिशेने मान तिरपी केली.

"घे की," तो म्हणाला. "फांदी अजून आमच्याकडंच हाय."

मी खाली वाकून डबा उचलला.